मानेच्या मणक्यावरून ओळख

माळावर एखादे हाड पडलेले असले तर गुरे राखणारा दहा वर्षांचा पोरगाही सांगतो, "ही म्हशीची बरगडी. हा बकरीचा खूर." आपण विचारावे, "कशावरनं ओळखलंस?" तो हसतो. म्हणतो, "दिसतंय की!" त्याला कोणी शिकवलेले नसते. पाहून पाहून त्याची नजर तयार झालेली असते. बायामाणसे तांदळाचा एक दाणा तळहातावर घेतात आणि कोलम की जाडा, ते सांगतात. त्यांचीही नजर अशीच तयार झालेली.

जगात काही विद्वान माणसे हेच काम करतात. फरक एवढाच, की त्यांच्यापुढचे हाड कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असते. तो प्राणी आज कुठेच जिवंत नाही. कोणा माणसाने तो कधी पाहिलेला नाही. तरीही हाडांवरून ते सांगतात, की हा प्राणी अमुक जातीचा, आणि तो तमुक जातीचा. हे कसे काय? यात मानेच्या मणक्याला मोठे महत्त्व आहे. ते आज आम्ही सांगणार आहोत.

हे प्राणी कोण?

फार फार पूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर नावाचे प्राणी राहत होते. या नावाचा अर्थ 'भयंकर सरडा' असा आहे. सगळेच डायनोसॉर भयंकर नव्हते. काही कोंबडीएवढे होते. काही मांस खात. काही नुसता झाडपाला खात.

झाडपाला खाणाऱ्यांत एक मोठे घराणे होते. त्याला सॉरोपॉड म्हणतात. चार खांबांसारखे पाय, पिंपासारखे पोट, मागे लांब शेपूट आणि पुढे लांब मान. डोके मात्र अंगाच्या मानाने अगदी लहान. यांतले पुष्कळ प्राणी आपल्या एसटीच्या गाडीपेक्षा लांब होते. जमिनीवर चालणारा याहून मोठा प्राणी कधी झाला नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे सगळे घराणे नाहीसे झाले. मनुष्य त्यानंतर कितीतरी काळाने आला. म्हणून यांची हकिगत सांगायला फक्त हाडेच उरली आहेत.

आता कोणी म्हणेल, "हाड तर चार-दोन पावसाळ्यांत झिजून जातं. इतकी वर्षं कसं राहील?" शंका रास्त आहे. उघड्यावरचे हाड राहत नाहीच. पण नदीच्या गाळात ते लवकर गाडले गेले, तर गोष्ट निराळी. गाळातून पाणी झिरपते. त्या पाण्यात दगडाचे सूक्ष्म अंश विरघळलेले असतात. ते हाडाच्या बारीक छिद्रांत बसतात. हळूहळू हाडाचा दगड होतो, पण आकार हाडाचाच राहतो. अशा दगडी हाडाला जीवाश्म म्हणतात.

आपल्या तानसाकडे ही हाडे मिळतील का?

मिळणार नाहीत. त्याला कारण आहे. तानसा तलावाच्या काठी जा, माहुलीच्या गडाकडे पाहा, नाहीतर मुरबाडकडच्या डोंगराकडे पाहा. सगळीकडे काळा पाषाण आहे. हा पाषाण एके काळी वितळलेला, लालबुंद रस होता. जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर बसले. त्याला लाव्हा म्हणतात. हे घडले तेही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर संपण्याच्या सुमारास. आपल्याकडे हा थर हजारो फूट जाड आहे. त्याच्याखाली काय दडले असेल ते आपल्या कुदळीला लागणारे नाही.

पण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला तसे नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नदीच्या जुन्या गाळाचे खडक उघडे पडलेले आहेत. तिथे ही हाडे सापडली. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी आपण आपल्याच मानेपासून सुरुवात करू.

आपल्या मानेत किती मणके?

मान खाली घाला. हनुवटी छातीला लावा. आता मानेच्या मागे, खांद्यांच्या वर, बोट फिरवा. एक टणक गाठ हाताला लागेल. तो आपल्या मानेचा शेवटचा मणका. वरून मोजत आले तर तो सातवा.

आता नवल ऐका. बैलाच्या मानेत ७ मणके. बकरीच्या मानेत ७. घुशीच्या मानेत ७. आफ्रिकेत जिराफ नावाचा प्राणी आहे. त्याची मान माणसाच्या उंचीएवढी लांब असते. तिच्यातही ७ च. त्याचे मणके जास्त नाहीत, एकेक मणका लांब आहे इतकेच. पिलांना दूध पाजणाऱ्या जवळजवळ सर्व प्राण्यांत हा आकडा ७ आहे. एखाद-दुसराच प्राणी याला अपवाद आहे.

पक्ष्यांचे तसे नाही. कोंबडीच्या मानेत साधारण १४ मणके असतात. म्हणून तर ती मान वळवून स्वतःची पाठ चोचीने साफ करते. बैलाला ते जमत नाही, तो शेपटीने माश्या हाकतो. पुढच्या वेळी घरात कोंबडी झाली तर मानेचा तुकडा टाकून देऊ नका. मणके सुटे करून मोजून पाहा. माळकरी मंडळींनी शेजाऱ्याला मोजायला सांगावे!

सॉरोपॉडांच्या मानेतही मणके पुष्कळ असत. मात्र ते सर्व जातींत सारखे नसत. अमेरिकेत सापडलेल्या डिप्लोडोकस या जातीच्या मानेत १५ मणके आहेत. आफ्रिकेत सापडलेल्या जिराफाटायटन या जातीत १३ आहेत. चीनमधल्या मामेंचीसॉरसच्या मानेत १८ च्या आसपास आहेत. तेव्हा ओळखीची पहिली खूण झाली मणक्यांची संख्या.

पण संख्येवर फार विसंबता येत नाही. पूर्ण मान क्वचितच सापडते. नदीच्या लोंढ्याने काही मणके वाहून गेलेले असतात, काही फुटलेले असतात. १५ पैकी ४ च हाती आले तर मोजणार काय? मग एकेका मणक्याचा आकार पाहावा लागतो.

एका मणक्यात काय काय पाहायचे?

मणका म्हणजे नुसता गोल मणी नव्हे. मधे एक जाड गाभा असतो. सॉरोपॉडांच्या मानेत या गाभ्याच्या पुढच्या अंगाला गोटीसारखा उंचवटा असतो आणि मागच्या अंगाला वाटीसारखा खळगा असतो. मागच्या मणक्याची गोटी पुढच्याच्या वाटीत बसते. त्यामुळे मान वळते, पण मणके निखळत नाहीत. गाभ्याच्या वर एक भोक असते. त्यातून मेंदूपासून निघालेली मज्जारज्जूची दोरी जाते. त्याच्या वर उभा काटा असतो. आणि खालच्या बाजूला दोहोंकडे एकेक बारीक बरगडी असते. होय, या प्राण्यांना मानेतही बरगड्या होत्या.

आता खुणा पाहू.

पहिली खूण, लांबी आणि उंची. मणका लांब आणि बसका आहे, की आखूड आणि उंच? लांब मणक्यांची मान लांब होते. आखूड मणक्यांची मान आखूड होते.

दुसरी खूण, वरचा काटा. तो एकसंध आहे की दुभंगलेला? डिप्लोडोकसच्या मानेत पुष्कळ मणक्यांचा काटा वरून दोन फाट्यांचा आहे. अगदी बेचक्यासारखा. जिराफाटायटनचा काटा असा दुभंगत नाही. हा फरक लांबूनही दिसतो.

तिसरी खूण, कडेचे खळगे. एवढी मोठी मान भरीव हाडांची असती तर प्राण्याला ती उचलताच आली नसती. म्हणून निसर्गाने मणके पोकळ केले. पक्ष्यांच्या हाडांत हवा खेळते, तशी यांच्या मणक्यांतही खेळत असे. जुन्या जातींत कडेला नुसता उथळ खळगा दिसतो. पुढच्या जातींत तो खोल होतो. काही घराण्यांत तर मणका आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक बारीक घरांचा असतो.

चौथी खूण, मानेच्या बरगड्या. जिराफाटायटनच्या या बरगड्या लांब लांब काड्यांसारख्या आहेत. एका मणक्याची बरगडी मागच्या मणक्यांच्या खालून जाते. डिप्लोडोकसच्या बरगड्या आखूड आहेत. अॅपॅटोसॉरस नावाच्या जातीत त्या जाडजूड आहेत आणि पुष्कळ खाली लोंबतात. त्यामुळे त्याची मान खालून रुंद, जवळजवळ तिकोनी दिसते.

ताडून पाहण्याची रीत

इथे एक गोष्ट ध्यानात धरा. मणका मणक्याशी ताडायचा, पण कोणता कोणाशी? डोक्याजवळचा मणका लहान असतो. खांद्याजवळचा मोठा असतो. एकाचा तिसरा मणका घेतला आणि दुसऱ्याचा बारावा घेतला, तर ते एकाच प्राण्याचे असले तरी वेगळे दिसतील. उजव्या पायाच्या वहाणेशी डावी वहाण जुळत नाही, म्हणून ती परक्याची ठरत नाही. तेव्हा तिसरा तिसऱ्याशी आणि बारावा बाराव्याशी ताडावा.

दुसरे असे, की वासरू आणि म्हातारा बैल यांची हाडे सारखी नसतात. वय वाढते तशी हाडे बदलतात. म्हणून प्राणी पोर होता की थोर, हे आधी पाहावे लागते.

तिसरे, जमिनीच्या दाबाने हाड चेपते. मुळात उंच असलेला मणका चेपून बसका दिसू शकतो. भांडे पोचले तर आपण त्याला निराळ्या घडणीचे भांडे म्हणत नाही. तसेच इथेही.

ही तीन पथ्ये पाळली, तरच मणक्याची साक्ष खरी मानावी. आणि एका खुणेवर निकाल देऊ नये. मान, पाठ, शेपूट, खांदा, पाय अशा सर्वांची साक्ष घ्यावी.

डोके का नाही पाहत?

कोणी विचारील, "एवढा खटाटोप कशाला? माणूस तोंडावरनं ओळखतो. तसं प्राण्याचं डोकं पाहावं की!" खरे आहे. पण सॉरोपॉडाचे डोके लहान आणि नाजूक असे. प्राणी मेला की ते मानेपासून लवकर सुटे आणि हरवे. पुष्कळ सांगाडे डोक्यावाचूनच सापडतात.

आपल्या देशातली दोन नामांकित उदाहरणे अशीच आहेत.

गोदावरीकाठचा मोठ्या पायाचा

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा नावाचा तालुका आहे. तिथे प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. सिरोंच्याजवळ कोटा नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावावरून तिथल्या जुन्या खडकाला कोटा थर म्हणतात. हाच थर नदीपलीकडे तेलंगणातही आहे. तिथल्या पोचमपल्ली गावाजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांना मोठी हाडे सापडली. १९६० आणि १९६१ या सालांत खोदकाम होऊन सुमारे ३०० हाडे निघाली. ती एका प्राण्याची नव्हती. निदान ६ प्राण्यांची हाडे तिथे एकत्र पडलेली होती. त्यांच्याबरोबर झाडांचे ओंडकेही दगड होऊन पडले होते.

मांडीचे एक हाड सुमारे १७० सेंटिमीटर लांब, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढे निघाले. म्हणून या प्राण्याला बारापासॉरस हे नाव दिले. यातला 'बारा' म्हणजे १२ नव्हे बरे का! बंगालीत त्याचा अर्थ मोठा, आणि 'पा' म्हणजे पाय. मोठ्या पायाचा सरडा. १९६१ साली रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्माला १०० वर्षे झाली होती. त्यांच्या आठवणीने नावाच्या शेवटी 'टागोरी' असे जोडले. हे नाव रीतसर जाहीर झाले १९७५ साली.

हाडे ३००, पण त्यांत डोक्याची कवटी नाही. फक्त काही दात मिळाले. मग ओळख ठरली ती मणके, दात, पाय आणि कमरेची हाडे यांवरून. याच्या मानेचे मणके उंचीपेक्षा लांब आहेत. पुढे गोटी, मागे वाटी आहे. कडेचे खळगे उथळ आहेत. याचा अर्थ असा, की हा सॉरोपॉड घराण्याचा एक जुना पूर्वज. मणके पोकळ करण्याची निसर्गाची युक्ती त्याच्या वेळी नुकती सुरू झाली होती. त्याचा काळ सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

भारतीय सांख्यिकी संस्थेने आपल्या कोलकात्याच्या संग्रहालयात याचा सांगाडा उभा केला. तो एकाच प्राण्याचा नाही. अनेकांची हाडे जुळवून तो केलेला आहे. घर पडले म्हणजे आपण जुनी वासे-तुळई, शेजाऱ्याचे दार आणि नवी कौले घालून ते पुन्हा उभे करतो. असे सांगाडेही तसेच उभे राहतात. उणे पडेल तिथे मातीचे किंवा प्लॅस्टरचे हाड करून बसवतात. यात लबाडी नाही. फक्त पाहणाऱ्याला ते ठाऊक असावे.

चंद्रपूरचा उभ्या मानेचा

दुसरा प्राणी आपल्या महाराष्ट्रातला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याच्या बाजूला डोंगरगाव नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीत एका मोठ्या सॉरोपॉडाची हाडे मिळाली. यात मान, पाठ, कंबर आणि शेपूट यांचे मणके होते, खांदा होता आणि पुढच्या पायाची हाडे होती. पुढच्या पायाचे वरचे हाड १४८ सेंटिमीटर लांब भरले. डोके मात्र इथेही नाही. मागचे पायही नाहीत.

सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय या दोघांनी अभ्यास करून १९९७ साली या प्राण्याचे वर्णन छापले. त्यांनी त्याला टायटनोसॉरस कोलबर्टी असे नाव दिले. कोलबर्ट हे अमेरिकेतले एक जाणते अभ्यासक. त्यांच्या मानासाठी हे नाव ठेवले.

याच्या मानेचे मणके आखूड आहेत आणि वरचे काटे उंच आहेत. म्हणजे मान आखूड, जाड आणि वर धरलेली. पुढचे पाय लांब. लांबच लांब मानेच्या इतर सॉरोपॉडांत हा उठून दिसतो.

बारापासॉरसचा मणका आणि याचा मणका मनात शेजारी ठेवा. एक लांब, एक आखूड. एकाचा काळ १८ कोटी वर्षांपूर्वीचा, तर दुसऱ्याचा ७ कोटी वर्षांच्या आतला. चंद्रपूरचा प्राणी काळाच्या हिशेबाने गोदावरीच्या प्राण्यापेक्षा आपल्याला जवळचा आहे!

पाटी बदलली

आता नावाची गंमत ऐका. टायटनोसॉरस हे नाव मूळचे १८७७ सालचे. जबलपूरला इंग्रज अधिकारी स्लीमन यांना १८२८ साली काही हाडे मिळाली होती. त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकर नावाच्या विद्वानाने हे नाव ठेवले. त्या वेळी ते मणके जगावेगळे वाटले. पुढे जगभर तसे मणके सापडत गेले. जो तो आपल्या हाडाला टायटनोसॉरस म्हणू लागला. एका दावणीला गाय, म्हैस, बकरी सगळीच बांधल्यासारखे झाले.

२००३ साली विल्सन आणि अपचर्च या दोघांनी ही सगळी हाडे पुन्हा ताडून पाहिली. त्यांनी सांगितले, की शेपटीची ती खूण एका जातीची नाही, ती अनेक जातींत आढळते. तेवढ्यावरून जात ठरत नाही. पण डोंगरगावच्या प्राण्याची मान, पाठ, खांदा यांवर त्याच्या स्वतःच्या पुष्कळ खुणा आहेत. म्हणून त्याला स्वतंत्र नाव मिळाले, इसिसॉरस. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आय, एस, आय अशी आहेत. ती जोडून 'इसि' झाले. सोहनलाल जैन यांचेही नाव जबलपूरच्या एका सॉरोपॉडाला आहे. त्याला जैनोसॉरस म्हणतात.

हाडे तीच. पाटी बदलली. आधी ती १९९७ ची होती, मग २००३ ची झाली. यात कोणाची अब्रू गेली नाही. ज्ञान असेच पुढे जाते.

परक्या डोक्याची गोष्ट

अमेरिकेत एक याहून मोठी फसगत झाली. मार्श नावाच्या विद्वानाने १८७७ साली एका सॉरोपॉडाला अॅपॅटोसॉरस नाव दिले. दोन वर्षांनी, १८७९ साली, त्याने दुसऱ्या सांगाड्याला ब्राँटोसॉरस नाव दिले. त्याला डोके नव्हते. म्हणून चित्र काढताना त्याने भलत्याच जातीसारखे आखूड, बोथट डोके लावून दिले. लोकांना ते चित्र आवडले आणि तेच सगळीकडे गेले.

पुढे पिट्सबर्ग शहरातल्या कार्नेगी संग्रहालयाला अॅपॅटोसॉरसचा एक उत्तम सांगाडा मिळाला. त्याच्याजवळच एक लांबट डोके सापडले. संग्रहालयाचे प्रमुख हॉलंड म्हणाले, "खरे डोके हेच असावे." पण मोठ्या लोकांनी ते मानले नाही. हॉलंड यांनीही खोटे डोके लावले नाही. १९१५ पासून सांगाडा डोक्यावाचून उभा राहिला. १९३२ साली हॉलंड वारले. १९३४ साली त्या सांगाड्यावर आखूड, बोथट डोके बसवले गेले. ते तब्बल ४५ वर्षे राहिले. हजारो शाळकरी मुलांनी ते पाहिले आणि खरे मानले. अखेर मॅकिंटॉश आणि बर्मन यांनी सगळी जुनी कागदपत्रे आणि हाडे तपासली. १९७९ साली लांबट डोके आपल्या जागी आले.

डोके खोटे होते. पण त्या सगळ्या काळात मान खरीच होती. तिच्या खाली लोंबणाऱ्या जाड बरगड्या पाहणाऱ्याला सांगत होत्या, की हा प्राणी डिप्लोडोकसच्या भावकीतला आहे, बोथट डोक्याच्या घराण्यातला नाही.

ब्राँटोसॉरस आणि अॅपॅटोसॉरस हे दोन की एक, हा वादही मणक्यांवर येऊन ठेपला. १९०३ साली रिग्ज यांनी दोन्ही एकच ठरवले. मग २०१५ साली तीन अभ्यासकांनी ८१ नमुन्यांच्या ४७७ खुणा ताडल्या आणि ते दोन आहेत असे म्हटले. अॅपॅटोसॉरसची मान जास्त रुंद, ही त्यांतली एक ठळक खूण. हे सगळ्यांना पटलेले नाही. वाद चालू आहे.

यात आपल्याला काय?

आपण नुकते वाचायला शिकलो. पाटी दिसली, की ती वाचावीशी वाटते. वाचावीच. बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सात-बाराचा उतारा, सगळे वाचावे. पण छापले आहे म्हणून ते खरेच असते, असे नाही. ४५ वर्षे एका सांगाड्याच्या धडावर परके डोके होते. पाटी वाचा, मग वस्तू पाहा, मग दोन्ही ताडून पाहा. सात-बाऱ्यावर लिहिलेले क्षेत्र आणि पायाखालची जमीन आपण ताडून पाहतो, ती हीच रीत. अक्षर शिकलो म्हणून आपली जुनी नजर सोडू नये. हाड ओळखणारी, दाणा ओळखणारी ती नजर फार मोलाची आहे.

आणखी एक सांगणे. आपल्यातली कितीतरी माणसे मजुरीला, वीटभट्टीला, रस्त्याच्या कामाला दूर दूर जातात. विदर्भात किंवा गुजरातेत खणताना हाडासारखा जड दगड दिसला, तर त्याच्यावर पहार घालू नका. उचलून घरी आणू नका. कोणी पैसे देतो म्हणाला तरी विकू नका. चौथ्या मणक्याशेजारी पाचवा पडलेला असतो. ते जिथल्या तिथे असले, तरच कोणता कितवा हे कळते. एकदा हलवले, की त्यांची साक्ष अर्धी बुडाली. जागेवर खूण करा. तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा शाळेतल्या गुरुजींना सांगा. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कचेरी आहे. तिथे कळवायला त्यांना सांगा. पोचमपल्ली आणि डोंगरगाव ही खेडीच आहेत. जगाला ठाऊक झालेले हे दोन प्राणी खेड्याच्याच जमिनीतून निघाले.

करून पाहा

१. आपल्या मानेवरचा सातवा मणका बोटाने शोधा. घरातल्या मुलांनाही दाखवा.

२. कोंबडीच्या मानेचे मणके मोजा. बकरीच्या मानेचे मोजा. आकडे वहीत लिहा.

३. बकरीच्या मानेतला पहिला मणका आणि शेवटचा मणका शेजारी ठेवा. त्यांतले तीन फरक सांगा.

४. संग्रहालयात जाल तेव्हा सांगाड्याखालची पाटी वाचा आणि विचारा, "यातली खरी हाडं कोणती? घडवलेली कोणती? डोकं त्याचंच आहे का?" विचारायला लाजू नका.